नव्या जातीचे उत्तरदायित्व

हवाईतील एका अंध महिलेला वाटाड्या कुत्रा हवा होता. पतीला मात्र कुत्र्याच्या केसांचे वावडे. म्हणून ऑस्ट्रेलियात १९८९ मध्ये वॉली कॉनरॉन यांनी लॅब्रॅडॉर व पूडल यांचा संकर घडविला. झालेल्या तीन पिल्लांपैकी एकाचेच केस त्या पतीला सोसले. पुढे ‘लॅब्रॅडूडल’ हे नाव बाजारात गाजले, आणि कित्येकांनी आरोग्याची तपासणी न करताच पिल्ले विकली. २०१९ मध्ये खुद्द कॉनरॉन यांनी पश्चात्ताप बोलून दाखविला.

संकर हा दोष नव्हे; बहुतेक जाती संकरातूनच उपजल्या. परंतु जात घडविण्यास पिढ्यान्‌पिढ्यांची निवड, नोंदी आणि सदोष जनावर वंशातून वगळण्याचा संयम लागतो. पिल्लू आणताना त्याच्या आईबापांचे डोळे व खुबे तपासले आहेत काय, एवढे तरी सुज्ञ वाचकांनी अवश्य विचारावे.