मालगुडीच्या शोधात

भारताच्या नकाशावर मालगुडी नावाचे गाव कोठेही सापडत नाही. आर. के. नारायण यांनी ते आपल्या कथांसाठी कल्पिले. परंतु दिग्दर्शक शंकर नाग यांनी ‘मालगुडी डेज’ ही दूरदर्शन मालिका करावयाचे ठरविले, तेव्हा या गावाला खरी भूमी हवी होती. ती त्यांना कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर, आगुंबे येथे लाभली. १९८६ च्या सुमारास घरोघरी आवडीने पाहिलेल्या छोट्या स्वामीची धावपळ येथलीच.

मालिकेत दिसलेला ‘दोड्डमने’ हा चौकाचा जुना वाडा पाहावयास प्रवासी आगुंब्यास जातात. कानडीत या नावाचा अर्थ ‘थोरले घर’. वाड्याबाहेर पाऊल टाकले म्हणजे मात्र डोंगराचे खरे वैभव दिसते. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात, वर चढताना थंडावतात आणि वर्षाला सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस पाडतात. त्या पावसावर तेथील सदाहरित अरण्य पोसले आहे. विषारी सर्पांत सर्वांत लांब असलेला नागराज याच अरण्यात राहतो.

मुलांनो, कल्पनेतले मालगुडी पुस्तकात सुरक्षित आहे. हे अरण्य मात्र एकदा तुटले, तर ते कोणाही लेखकाला पुन्हा उभे करता येणार नाही. म्हणून तेथे जाल तेव्हा डोळे भरून पाहा. पण झाडाचे पानही तोडू नका.