तीन अक्षरी, शेवटी ‘ळा’

शब्दकोश हा शब्द माहीत असलेल्या माणसाच्या सोयीचा. ‘रंधा’ कुठेतरी वाचला आणि अर्थ लागला नाही, तर ‘र’ काढायचा, चार पानं मागेपुढे करायची, काम झालं. कोडं सोडवणाऱ्याचं दुखणं नेमकं उलटं. त्याच्यापुढे छापलेलं असतं : ‘लाकूड गुळगुळीत करण्याचे सुताराचे हत्यार (२)’. हत्यार त्याला दिसतंय, त्यातून निघणारी लाकडाची वेटोळी दिसतायत, लहानपणी त्यांच्याशी खेळल्याचंही आठवतंय. नाव तेवढं ओठांवर येत नाही. शेजारी जाडजूड कोश पडलेला असतो आणि त्यात शिरायचं कुठून तेच कळत नाही, कारण दाराची किल्ली म्हणजे पहिलं अक्षर, आणि तेच हरवलेलं.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत हा प्रश्न बहुतेक वेळा कट्ट्यावर, तोंडी सुटतो. पेपर एक आणि वाचणारे चार. पहिलं पान एकाकडे, खेळाचं दुसऱ्याकडे, आणि कोड्याचं पान ज्याच्या हाती तो मोठ्यानं विचारणार. ‘अर्धा शिवाजी’ आणि ‘उभा मारुती’ हे ज्या पेठेत पत्ते म्हणून चालतात, तिथल्या माणसाला ‘उभे शब्द’ आणि ‘आडवे शब्द’ समजावून सांगावे लागत नाहीत.

शब्दकोडं तसं परदेशी. आर्थर विन या पत्रकारानं २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात पहिलं छापलं. तो साचा मराठीत आला तेव्हा मात्र त्याचं आतलं यंत्रच बदललं. इंग्रजीत एका चौकोनात २६ पैकी एक अक्षर बसतं. मराठीत चौकोनात नुसता ‘क’ बसत नाही, काना-मात्रा-वेलांटी आणि जोडाक्षरासकट अख्खं अक्षर बसतं. एकट्या ‘क’च्या बाराखडीतच बारा चौकोन झाले. त्यामुळे कोडं रचणाऱ्याचा घाम निघतो आणि सोडवणाऱ्याची चैन होते.

‘रंकाळा’ घ्या. तीन चौकोन : रं, का, ळा. ‘रं’वरून खाली जायचं तर अनुस्वारासकट सुरू होणारा शब्द हवा. तिथे आपला रंधा बसतो. आता ‘ळा’. त्याच्यापासून खाली जाताच येत नाही, कारण मराठीत ‘ळ’नं शब्द सुरू होत नाही. मग वरून खाली येऊन ‘ळा’वर थांबणारा शब्द शोधायचा. ‘शाळा’ चालेल, ‘पाचोळा’ चालेल. म्हणजे ‘ळ’ आला की जाळ्याचा आकारच बदलावा लागतो. ‘ण’चीही तीच गत. त्याला ‘णमोकार’ हा अपवाद आहे, आणि जैन वस्ती मोठी असलेल्या कोल्हापुरात तो चटकन सुचेलही.

सोडवणाऱ्याला मात्र एक छेद मिळाला की व्यंजन आणि स्वर दोन्ही एकदम हाती येतात. पहिला चौकोन रिकामा, मग ‘न्हा’, मग ‘ळा’, एवढं जमलं की उरतात जेमतेम दोन शब्द : पन्हाळा आणि उन्हाळा. शोधसूत्रात १६६० सालचा सिद्दी जौहरचा वेढा असेल तर प्रश्न मिटला. पण रचणाऱ्यानं खवचटपणे ‘मे महिन्यात कोल्हापूरकराच्या वाट्याला येणारा’ असं लिहिलं, तर दोन्ही बरोबर.

हा खवचटपणा एके काळी धंदा होता. स्वातंत्र्याच्या आगेमागे बक्षिसांच्या शब्दकोड्यांचं मोठं पीक आलं होतं. प्रवेश फी भरायची, उत्तर पाठवायचं, आणि ते संयोजकांनी आधीच ठरवलेल्या उत्तराशी जुळलं तर पैसे. सूत्राला दोन उत्तरं सारखीच शोभत असतील तर कोशाचा काय उपयोग? आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या अशाच स्पर्धांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्यांचं पत्र बंगळूरला छापलं जाई आणि मुंबई राज्यात खपे. १९५७ साली न्यायालयानं कसबाची स्पर्धा वेगळी आणि नशिबाची वेगळी अशी रेघ मारली आणि ही कोडी जुगाराच्या बाजूला टाकली. त्याआधीच १९५५ च्या केंद्रीय कायद्यानं महिन्याची एकूण बक्षिसं १००० रुपयांवर आणि प्रवेशिका २००० वर बांधून टाकल्या होत्या. कायद्याच्या व्याख्येत शब्दकोड्याचा नावानिशी उल्लेख आहे. पैसे गेले आणि कोडं पेपरात फुकट उरलं. माझ्या मते कोड्याचं त्यात भलंच झालं.

पेपरातली बहुतेक मराठी सूत्रं सरळ असतात, अर्थ द्यायचा आणि शब्द मागायचा. त्यामुळे कोड्याची म्हणून एक वेगळी मराठी तयार झाली आहे. तिच्यात पाणी म्हणजे नीर, तोय, नाहीतर उदक. डोंगर म्हणजे नग, आवाज म्हणजे रव, पृथ्वी म्हणजे मही. रंकाळ्यावर फिरायला गेलेला कुणी ‘आज तोय गढूळ आहे’ म्हणणार नाही, पण चौकोन दोनच असले की तोच माणूस ‘तोय’ बिनदिक्कत लिहितो. हे शब्द कोड्यात आले ते थेट अमरकोशाच्या वळणानं.

अर्थ हाती असताना शब्द काढून देणारं पुस्तक आपल्याकडे फार जुनं आहे, ते हेच. अमरसिंहाच्या या कोशाची रचना अकारविल्हे नाही, विषयवार आहे : स्वर्गवर्ग, कालवर्ग, वारिवर्ग, वनौषधिवर्ग, मनुष्यवर्ग. पाण्यासाठी शब्द हवा तर वारिवर्गात जायचं, तिथे सगळी नावं श्लोकात ओवलेली. पाठशाळेत हा कोश मुखोद्गत करून घेत ते अर्थ शोधण्यासाठी नव्हे, ऐन वेळी शब्द सापडावा म्हणून. रॉजेचा इंग्रजीतला प्रसिद्ध पर्यायकोश १८५२ सालचा. अमरसिंह त्याच्या हजारभर वर्षं तरी आधीचा.

शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंतांनी केलेला राजव्यवहारकोशही याच घाटाचा. दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग, लेखनवर्ग असे त्याचे दहा वर्ग. फारसी शब्द आणि त्याला संस्कृत प्रतिशब्द. किल्ल्यावरच्या कारभाराला शब्द हवा तर दुर्गवर्ग उघडायचा. नंतर कंपनी सरकारच्या अमदानीत मोल्सवर्थचा कोश आला, १८३१ साली पहिली आवृत्ती आणि १८५७ साली दुसरी. तो अक्षरक्रमानं लावलेला आणि अर्थ इंग्रजीत, म्हणजे साहेबाच्या गरजेचा. शब्द कानावर पडला की अर्थ बघायचा. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. बोलीतले, धंद्यातले शब्द त्यात मायेनं गोळा केलेले आहेत, पण तोही अक्षराच्याच वाटेनं जाणारा. माधव जूलियन कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकवायला आले त्याच्या थोडं आधी, १९२५ साली, त्यांचा फार्शी-मराठी कोश प्रसिद्ध झाला होता, तोही अकारविल्हेच. नव्या पद्धतीनं शिस्त आणली यात वाद नाही. जाताजाता तिनं अर्थाकडून यायची वाट मात्र बुजवली.

शाळेत ती वाट जेमतेम टिकून आहे, ‘शब्दसमूहाबद्दल एक शब्द लिहा’ या दोन-चार गुणांच्या प्रश्नात. मो. रा. वाळंब्यांच्या व्याकरणापासून स्पर्धा परीक्षेच्या गाईडांपर्यंत या याद्या सापडतात. मोजता न येणारे, अगणित. ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो, आजानुबाहू. असा माणूस कुणी पाहिलेला नाही, पण अभ्यासिकेतल्या प्रत्येक पोराला तो पाठ आहे. रंधा मात्र या याद्यांत दिसत नाही. याद्या करणाऱ्यांचा ओढा संस्कृताकडे, आणि हत्यारांची, भांड्यांची, कामाची नावं पाठ करण्याच्या लायकीची आहेत असं त्यांना वाटलेलं नाही. ही माझी जुनी तक्रार आहे.

लेखनाचे नियमही कोड्यात लुडबुड करतात. १९६२ च्या नियमांनी शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ केला. त्याआधी ‘कवि’च्या शेवटच्या चौकोनातून ‘विहीर’ खाली उतरत असे. आता ‘कवी’तून ‘वीणा’ उतरते. जुन्या अंकातलं कोडं नव्या सवयीनं सोडवायला बसलात तर छेद जुळणार नाहीत.

बुजलेली वाट संगणकानं पुन्हा थोडी मोकळी केली. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात आहेत, आणि तिथे शीर्षशब्दच नव्हे तर अर्थाचा मजकूरही धुंडाळता येतो. ‘सुतार’ टाकायचा आणि सुताराचा उल्लेख असलेल्या नोंदी चाळायच्या. मुंबईच्या आयआयटीतलं मराठी शब्दजाल तर अर्थालाच एकक मानतं. एका अर्थाखाली त्याचे सगळे पर्याय, वर कशाचा प्रकार, खाली कशाचे भाग. अमरसिंहाला ही मांडणी ओळखीची वाटली असती.

तरी यंत्राची एक खोड आहे. शोधणारा आणि कोशकार यांचे शब्द जुळले तरच ते उत्तर देतं. गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात ती वस्तू तुम्ही ‘कढई’ म्हणून शोधाल. कोशकारानं तिथे ‘भांडे’ लिहिलं असेल किंवा ‘पात्र’ म्हटलं असेल, की शोध हुकला. करवीर तालुक्यात लहानपण गेलेल्या माणसाला हा घोळ पडत नाही.

“तात्या, गुऱ्हाळातली मोठी कढई, तीन अक्षरी.”

“काहिल की रं. आन् गूळ करतो तो?”

“ते नाही विचारलं.”

“तरी लिहून ठेव, गुळव्या. उद्या विचारतील.”

यातली ‘काहिल’ कोशात मिळते. काहिलीतला रस गुळाला आला हे कशावरून ओळखायचं ते तात्यांना ठाऊक असतं, आणि शब्द त्या ओळखीला चिकटूनच बाहेर येतो. याच कट्ट्यावर कुस्तीतला डाव विचारा. प्रतिस्पर्ध्याला पाठीवरून उचलून आपटणं एवढं वाक्य पुरं व्हायच्या आत ‘धोबीपछाड’ येतं, आणि लगोलग तो डाव कुणी कुणावर टाकला होता यावर वाद सुरू होतो. मग कोड्याचे उरलेले सहा चौकोन तसेच राहतात. त्यांची उत्तरं उद्याच्या अंकात.