संगवारी आणि मितान : कामाचे नाते व मैत्री यांतील भेद

रायपूरच्या उत्तरेस बिलासपूर मार्गावर भनपुरी ही औद्योगिक वसाहत आहे. येथील रोलिंग मिलांत छत्तीसगडच्या खेड्यांतील व परप्रांतांतील कामगार एकाच पाळीत काम करतात. सहकारी आणि मित्र यांतील भेद समजून घेण्यास हा परिसर उपयुक्त ठरतो. कारण छत्तीसगडी लोकभाषेने त्यासाठी निराळे शब्द राखले आहेत. सोबत वावरणारा तो ‘संगवारी’. विधिपूर्वक जोडलेला मित्र तो ‘मितान’.

मितान जोडताना महाप्रसाद, गंगाजल वा भोजलीचे अंकुर यांची साक्षीने देवघेव होते आणि त्या वस्तूचे नाव हेच परस्परांचे संबोधन बनते. पुढे मूळ नाव उच्चारले जात नाही. मितानाचे आईवडील ‘फूलदाई’ व ‘फूलददा’ होतात. पुष्कळदा जातीची सीमा ओलांडणारे हे नाते पुढच्या पिढीतही पाळले जाते.

गिरणीतील विश्वास वेगळ्या जातीचा आहे. भट्टीतून निघालेले तप्त लोखंड एक कामगार चिमट्याने रुळांत सारतो. पलीकडचा ते पकडून परत फिरवतो. क्षणाचा विलंब जिवावर बेतू शकतो. येथे सहकाऱ्याचा स्वभाव आवडणे आवश्यक नसते. त्याच्या दक्षतेवर भरवसा लागतो. हे नाते उथळ नव्हे, मर्यादित आहे. पाळी वा ठेकेदार बदलला की ते सहसा ओसरते, आणि त्यात विश्वासघात नसतो.

दोहोंचे निकष मिसळले की हानी होते. मैत्रीपोटी सहकाऱ्याची चूक झाकली, तर अपघाताला वाट मिळते. उपयुक्ततेवर मित्र जोखला, तर उपयोग संपताच मैत्रीही संपते.

कारखान्याबाहेरही ही सरमिसळ दिसते. छत्तीसगड शासनाने २००२ मध्ये सुरू केलेल्या योजनेत गावातील आरोग्य-कार्यकर्तीला ‘मितानिन’ म्हटले गेले. या नावाने तिला घराघरांत आपुलकी मिळाली. परंतु मैत्रीचा मोबदला मागता येत नाही, कामाचा मागता येतो. आणि तो मागण्यासाठी मितानिनींना पुढे आंदोलने करावी लागली. म्हणून कामाच्या नात्याला मैत्रीचे नाव देताना त्या नात्यातील हक्क झाकले जात नाहीत ना, हे पाहणे अगत्याचे ठरते.