खर्ज, खोली आणि कान

आपल्या मराठीने खालच्या स्वरांवर मोठाच अन्याय केला आहे. आवाज चढला, टिपेला पोचला, की आपण माना डोलावतो. तोच उतरला तर 'आवाज पडला' म्हणून हळहळतो आणि बसला तर खडीसाखर शोधायला धावतो. मैफलीत तंबोऱ्याची खर्जाची तार मागे राहून साऱ्यांना सांभाळत असते, पण घरी जाताना तिची आठवण काढणारा श्रोता मी तरी पाहिलेला नाही. मात्र गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एक असे संगीत जगभर पसरले आहे, की ज्यात ही खालची बाजूच यजमान होऊन बसली आहे. विजेच्या यंत्रांवर रचलेले म्हणून त्याला इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणतात. त्यात गायक नसला तरी चालतो, शब्द तर पुष्कळदा नसतातच. (मराठीच्या प्राध्यापकाला हे जरा लागते, पण असो.) ठोक्याच्या पायाखालून सरपटत जाणारी खर्जाची ओळ, जिला ही मंडळी बेसलाइन म्हणतात, ती नसली की मात्र सारा डोलारा कोसळतो.

या ओळीचा इतिहासही गमतीचा आहे. जपानच्या रोलंड कंपनीने १९८० साली टीआर-८०८ हे ताल धरणारे यंत्र काढले आणि पाठोपाठ टीबी-३०३ ही छोटीशी रुपेरी पेटी. एकट्याने गिटारचा रियाज करणाऱ्याला साथीला बेसवाला मिळावा, एवढाच या पेटीचा उद्देश. पण ती खऱ्या बेस गिटारसारखी काही केल्या वाजेना, आणि १९८४ मध्ये तिचे उत्पादन बंद झाले. मग जुन्या बाजारात ती स्वस्तात मिळू लागली. शिकागोच्या तरुणांनी तिची बटणे नको तितकी पिळली आणि 'अ‍ॅसिड' नावाचा नवाच प्रकार जन्माला घातला. त्याची पहिली गाजलेली तबकडी १९८७ सालची. परंतु त्याच्या पाच वर्षे आधी, १९८२ मध्ये, आपल्या मुंबईत चरणजित सिंग या हिंदी चित्रपटसंगीतातल्या वादकाने हीच दोन यंत्रे हाताशी धरून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले होते! त्या तबकडीला तेव्हा कोणी फारसे विचारले नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि जाणकारांनी तोंडात बोटे घातली. चरणजित सिंग २०१५ साली वारले. एवढे कौतुक तरी त्यांच्या कानांवर पडून गेले.

हे सारे मला ठाऊक झाले ते माझ्या भाच्यामुळे. वय वर्षे तेवीस, मुक्काम ठाणे. ताईच्या दोन खोल्यांतली आतली खोली त्याने संगणक, दोन स्पीकर आणि वायरींचे जंजाळ यांनी व्यापली आहे. भाऊजींनी त्याला दसऱ्यापर्यंतची मुदत दिली होती: तोवर या उद्योगातून चार पैसे दिसले नाहीत, तर मुकाट्याने नोकरी धरायची. श्रावणात पहिले काम मिळाले, एका नृत्यपथकाला सात मिनिटांचे संगीत. नाट्यगृहात तालमीला ते लावले मात्र, एक स्वर असा गरजला की विंगेचा पडदा थरथरला; आणि बाकीचा खर्ज जणू गावाला गेला! पथकाच्या बाईंनी पंधरा दिवसांची सवलत दिली.

"पण मामा, माझ्या खोलीत ते अगदी बरोबर वाजतं हो!" भाचा काकुळतीने म्हणाला.

त्याच्या या वाक्यातच रोगाचे मूळ होते. खोली खोटे बोलत होती.

कशी, ते पाहा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. ज्या स्वराची सेकंदाला ४७ आवर्तने होतात, त्याची एक लाट चोवीस फूट लांब भरते. भाच्याची खोली बारा फूट लांब. म्हणजे बरोबर अर्धी लाट. असा स्वर समोरच्या भिंतीवर आपटतो, परततो आणि येणाऱ्या लाटेत मिसळून जागच्या जागी उभा राहतो. भिंतीपाशी त्याचा जोर सर्वांत अधिक, आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ शून्य. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर हा स्वर काळी तीनच्या अगदी शेजारचा, फक्त फार खालच्या सप्तकातला. भाच्याची खुर्ची होती नेमकी खोलीच्या मध्यावर. त्याला काळी तीन ऐकूच येईना, म्हणून तो ती वाढवत गेला. मागच्या भिंतीला टेकलेल्या दिवाणावर ताई दुपारची आडवी व्हायची, तिला तीच काळी तीन दुप्पट ऐकू यायची. "तुझा तो भोंगा बंद कर आधी!" असे ती ओरडायची, आणि भाचा म्हणायचा, आईला संगीतातले काय कळते! एकाच खटल्यात दोघांच्या पुढ्यात दोन वेगळे पुरावे. नाट्यगृहाची लांबी बारा फूट नसल्यामुळे तिथे हा वाढवलेला स्वर उघडा पडला.

मित्रांनी सुचवले, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटव. हा समज फार पसरलेला आहे, आणि खर्जापुरता तो साफ निरुपयोगी आहे. सहा फूट ही ज्या लाटेची पाव लांबी, तिला दोन इंचांचा पुठ्ठा काय अडवणार? पातळ फोमचेही तेच; तो वरचे स्वर पितो, खालचे सोडून देतो, आणि खोली उलट अधिकच घुमी वाटू लागते. खर्जाला जाडी लागते. दगडी लोकरीचे फूट-फूट जाडीचे ठोकळे कोपऱ्यांत उभे करतात ते यासाठी. तेवढे पैसे नव्हते, तेव्हा माळ्यावरच्या कापसाच्या जुन्या गाद्या गुंडाळून दोन कोपऱ्यांत उभ्या केल्या. पाहुण्यांची पंचाईत झाली, पण घुमारा थोडा ओसरला.

खरा गुण आला तो खुर्ची हलवल्याने. लांबीच्या अडतीस टक्क्यांवर बसून सुरुवात करावी, असा या धंद्यात एक ठोकताळा आहे. बारा फुटांत तो साडेचार फुटांवर येतो. दोन स्पीकर आणि डोके यांचा समभुज त्रिकोण केला, स्पीकरचे वरचे तोंड कानांच्या उंचीला आणले. मग मोजणीचा मायक्रोफोन कोणाकडून तरी उसना आणला आणि २० आवर्तनांपासून २०० पर्यंत चढत जाणारा स्वर सोडून पडद्यावर आलेख काढला. पूर्वी जिथे विहीर होती तिथे आता नुसता खळगा होता. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आलेखातला उंचवटा यंत्राने खाली दाबता येतो. खड्डा मात्र भरता येत नाही. तिथे जेवढा आवाज ओतावा तेवढाच परतीच्या लाटेतून उलटा येतो आणि दोन्ही एकमेकांना गिळतात. चाळणीत पाणी भरण्यासारखे ते.

यानंतर पातळी लावणे. त्यासाठी 'गुलाबी' गोंगाट वापरतात. नाव ऐकून मी हसलो, पण त्यात अर्थ आहे: प्रत्येक सप्तकाला सारखीच शक्ती वाटून दिल्यामुळे या गोंगाटात खालच्या आवर्तनांकडे झुकते माप पडते, जसे गुलाबी प्रकाशात तांबड्याकडे. एकेक स्पीकर वेगळा लावायचा, बसायच्या जागी डेसिबलमापक धरायचा आणि दोन्ही बाजू एका आकड्यावर आणायच्या. चित्रपटांसाठी आवाज जुळवणाऱ्या मोठ्या दालनांत हा आकडा ८५ असतो. एवढ्याशा खोलीत ७६ च्या आसपास पुरतो. आकडा जुळला तिथे भाच्याने बटणाशेजारी आईची टिकली चिकटवली. त्या टिकलीपलीकडे बटण न्यायचे नाही, अलीकडेही फारसे आणायचे नाही.

एवढा कडकपणा कशाला? तर आपला कान मुळात पक्षपाती आहे म्हणून. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवले. आवाज बारीक असला की कान खालचे स्वर जवळजवळ सोडून देतो. आजच्या प्रमाणित आलेखांनुसार मधल्या पट्टीतल्या ४० डेसिबलच्या स्वराइतकाच ५० आवर्तनांचा स्वर ऐकू यायला त्याला सुमारे ३८ डेसिबल जास्त लागतात. तोच ८० डेसिबलला २२ च्या आसपास पुरतात. म्हणजे रात्री घरातली माणसे झोपल्यावर हळू आवाजात जुळवलेला खर्ज सकाळी मोठ्याने लावला की अंगावर येणार. ताईच्या घरात काम रात्रीच चाले, हे सांगायला नकोच.

काळी तीनचा गुन्हा असा उलगडला. पण बाकीचा खर्ज नाट्यगृहात गेला कुठे? त्याचे उत्तर निराळे निघाले. खर्ज भारदस्त वाटावा म्हणून भाच्याने तो 'रुंद' केला होता, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंना उलटसुलट वाटून दिला होता. घरी दोन स्पीकरांत ते खुलून दिसे. पुष्कळशा सभागृहांत मात्र खालचे स्वर एकत्र करून एकाच मोठ्या स्पीकरला देतात. तिथे डावी लाट वर आणि उजवी खाली, अशी दोघांची बेरीज शून्य! तबकडीच्या जमान्यात असा उलटा खर्ज सुईलाच खाचेतून उडवून लावी, त्यामुळे कारागीर तो मध्यभागीच ठेवत. सुई गेली, पण नियम शहाणपणाचा होता.

उरला ठोका आणि बेस यांचा तंटा. दोघांनाही ५०-६० आवर्तनांतली तीच जागा हवी असते. यावर एक सुरेख तोड आहे: ठोका पडताक्षणी बेस आपोआप किंचित दबेल आणि ठोका विरताच पुन्हा वर येईल, अशी जोडणी करायची. पंगतीत वाढपी आला की आपण क्षणभर पान मोकळे करतो, तसे. ऐकणाऱ्याला दबलेले कळत नाही. त्याला फक्त ठोका स्वच्छ वाटतो.

आणि फोन? त्याच्या चिमुकल्या स्पीकरातून ५५ आवर्तने बाहेर पडणे अशक्य. पण ११०, १६५, २२० असे त्याचे उपस्वर ऐकू आले, की कान मूळचा ५५ मनाने भरून काढतो! म्हणून बेसमध्ये थोडी खरखर मिसळून उपस्वर उठवतात. हे ऐकून मला राहवले नाही. म्हटले, "अरे, ही तर जवारी!" तंबोऱ्याच्या घोडीवर सूत सरकवून आपले गवई शतकानुशतके हेच करत आले, चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली या घोडीच्या करामतीवर निबंध लिहिला होता. भाच्याने त्या दिवशी प्रथमच माझ्याकडे आदराने पाहिले.

यामाहाच्या एनएस-१० या पांढऱ्या तोंडाच्या स्पीकरची गोष्टही त्यानेच सांगितली. १९७८ मध्ये घरगुती वापरासाठी निघालेला हा स्पीकर घरांत फारसा रुजला नाही, पण जगभरच्या स्टुडिओंत जाऊन बसला. त्याचा खर्ज रोडका आणि वरचा आवाज इतका कर्कश, की कित्येक जण त्याच्या वरच्या तोंडावर टिश्यू कागद चिकटवत. तरी २००१ मध्ये तो बंद होईपर्यंत, आणि त्यानंतरही, कारागिरांनी त्याला सोडले नाही. तो गोड बोलत नाही, हाच त्याचा गुण.

टिकलीमागे आणखी एक कारण आहे, आणि मला ते सर्वांत मोठे वाटते. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास, हा कानांसाठी अमेरिकेतल्या आरोग्यतज्ज्ञांनी सांगितलेला हिशेब. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होत जाते. शंभरला उरतात पंधरा मिनिटे. भाच्याच्या वयाची मुले खर्ज 'अंगात जाणवावा' म्हणून शंभरावर रात्री काढतात, आणि आतला कान एकदा मेला की तो पुन्हा उगवत नाही. ७६ वर बसलेला माणूस दिवसभर काम करू शकतो. ताईही आता दुपारी झोपते.

नवे संगीत पंधराव्या दिवशी नाट्यगृहात वाजले. मी मधल्या रांगेत बसलो, मग भिंतीपाशी गेलो, मग बाल्कनीत चढलो. ओळ सगळीकडे आपापल्या पायांवर चालत होती. बाईंनी पाकीट दिले. त्यातली रक्कम भाच्याने भाऊजींच्या हातावर ठेवली. त्यांनी ती दोनदा मोजली, चष्मा पुसला आणि मुदत होळीपर्यंत वाढवली.