सुगंधी तंबाखू, शाळकरी मुले आणि कायदा

तंबाखूची मूळ चव कडवट व तिखट असते. कोवळ्या वयात ती सहसा रुचत नाही. हा नैसर्गिक अडसर दूर करण्याचे काम सुगंध, गोडवा व शीतल स्वाद करतात. मेंथॉलमुळे घशाची जळजळ जाणवत नाही. चुन्यामुळे निकोटीन तोंडाच्या अस्तरातून त्वरेने रक्तात मिसळते. मूल स्वादासाठी पुडी उघडते. सवय मात्र निकोटीनची जडते. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखू सेवन करीत असल्याचे आढळून आले.

राज्याची बंदी

महाराष्ट्रात धूम्रपानापेक्षा तंबाखू चघळणारे पुष्कळ अधिक आहेत. ही वस्तुस्थिती ध्यानी घेऊन २०१२ मध्ये अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये गुटखा व पानमसाला यांचे उत्पादन, साठवणूक, वितरण व विक्री यांवर बंदी घालण्यात आली. २०१३ मध्ये सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, खर्रा व मावा यांचाही तीत समावेश झाला. अशा आदेशाची मुदत एक वर्षाहून अधिक असू शकत नाही. म्हणून तो वेळोवेळी नव्याने काढावा लागतो. ई-सिगारेटवर २०१९ मध्ये केंद्रीय कायद्याने देशभर बंदी आली.

बंदीबाहेर काय राहते?

सिगारेटचे नियमन २००३ च्या केंद्रीय कायद्यानुसार होते आणि त्यात स्वादावर बंदीची तरतूद नाही. त्यामुळे लवंग वा पुदिन्याच्या स्वादाची सिगारेट राज्याच्या बंदीत येत नाही. तिच्यापासून मुलांना दूर ठेवण्यासाठी वय व अंतर या दोन अटींचाच आधार उरतो. १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकणे, तसेच शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या परिसरात त्यांची विक्री करणे हा गुन्हा आहे. या कायद्यात दंड केवळ २०० रुपयांपर्यंत आहे; परंतु बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार बालकास तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

गावाची जबाबदारी

शाळेभोवतीचे अंतर कुंपणापासून मोजावे, त्या मर्यादेवर पिवळी रेघ आखावी व सूचनाफलक लावावा. रेघेच्या आतील टपरीचा प्रश्न ग्रामसभेपुढे ठेवावा आणि बंदी असलेल्या मालाची माहिती अन्न व औषध प्रशासनास द्यावी. आदेश मुंबईहून निघतो. त्याची अंमलबजावणी मात्र शाळेच्या दारीच व्हावयाची असते.