हवेची स्प्रिंग आणि तेलाचा लगाम

१९७६ सालची गोष्ट. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मरीन नावाचा डोंगराळ परगणा आहे. तेथील फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या उतरणीवर काही तरुणांनी सायकलींच्या शर्यती सुरू केल्या. सायकली जुन्या, जड आणि जाड टायरांच्या. पायडल उलटे दाबले की मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक लागायचा. सुमारे ४०० मीटर खाली येईपर्यंत तो हब इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई. मग हब उघडायचा, पुसायचा आणि नवे ग्रीस भरायचे. पुन्हा भरणे याला इंग्रजीत ‘रीपॅक’ म्हणतात. त्यावरून त्या शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले!

त्या सायकलींना धक्के झेलणारी स्प्रिंग नव्हती. धक्के झेलायचे ते टायरांनी आणि स्वाराच्या गुडघ्यांनी. पुढे या खेळातूनच डोंगरी सायकल जन्मली. आज तिला पुढे आणि अनेकदा मागेही शॉक अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे धक्काशोषक असतो आणि अनेक सायकलींना विजेची मोटरही असते. अशा विजेच्या डोंगरी सायकलींची पहिली जागतिक अजिंक्यपद शर्यत २०१९ साली कॅनडातील माँ-सँत-आन येथे झाली. सायकल बदलली, पण उघडणे, पुसणे आणि वंगण घालणे मात्र सुटले नाही. ते का, हे या लेखात पाहू.

धक्काशोषक कशासाठी?

‘बसायला मऊ वाटावे म्हणून’ असे उत्तर आपल्याला चटकन सुचेल. पण ते अपुरे आहे. सायकलचा ब्रेक चाकाला थांबवतो. सायकलला थांबवते ते चाक आणि जमीन यांमधील घर्षण. चाक दगडावरून उडून हवेत गेले, तर तेवढा वेळ ब्रेकही नाही आणि वळणही नाही. चाक जमिनीला चिकटून ठेवणे हे धक्काशोषकाचे खरे काम आहे. म्हणून तो बिघडला की केवळ गैरसोय होत नाही, तर उतारावर स्वाराचा जीव धोक्यात येतो.

या यंत्राचे दोन भाग असतात. पहिला स्प्रिंगचा आणि दुसरा तेलाचा.

स्प्रिंग हवेची

इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइल याने १६६० साली हवेवरील प्रयोगांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. हवा दाबली की स्प्रिंगसारखी उसळते, हे त्याने त्यात दाखवले. १६६२ साली त्याने नियम मांडला : तापमान कायम असेल तर हवेचे आकारमान निम्मे केल्यास तिचा दाब दुप्पट होतो. डोंगरी सायकलच्या बहुतेक धक्काशोषकांत हीच हवेची स्प्रिंग असते. एका नळकांड्यात हवा कोंडलेली असते आणि दट्ट्या आत सरकला की ती दाबली जाते.

दाब किती लागतो, याचा स्थूल हिशेब करू. मागच्या चाकावर स्वाराचा आणि सायकलीचा मिळून ६० किलोग्रॅम भार आहे असे समजा. चाक १५० मिलिमीटर वर जाते तेव्हा धक्काशोषक फक्त ६० मिलिमीटर दबतो. तरफेच्या नियमाने त्याच्यावर येणारा भार अडीच पट, म्हणजे १५० किलोग्रॅम होतो. दट्ट्याचे क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर धरले तर दर चौरस सेंटिमीटरला १५ किलोग्रॅम दाब हवा. हा दर चौरस इंचाला सुमारे २१३ पौंड होतो. आपल्या नेहमीच्या सायकलच्या ट्यूबमधील दाबापेक्षा हा कितीतरी अधिक आहे. हा आकडा लक्षात ठेवा. धक्काशोषक उघडताना तो उपयोगी पडेल.

साधी डोंगरी सायकल सुमारे १३ ते १५ किलोग्रॅमची असते, तर विजेची २० ते २५ किलोग्रॅमची. मोटर बहुधा पायडलांपाशी चौकटीतच बसवलेली असते, तेव्हा तिचाही भार धक्काशोषकावर येतो. शिवाय मोटरमुळे चढ सोपा होतो. जो स्वार दिवसात दोनदा डोंगर चढून उतरत असे तो आता चारदा उतरतो. म्हणजे ओझेही वाढले आणि कामाचे तासही वाढले.

लगाम तेलाचा

नुसती स्प्रिंग असती तर एका धक्क्यानंतर सायकल कितीतरी वेळ वरखाली डोलत राहिली असती, कारण स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते. ती नाहीशी करत नाही. ते काम तेल करते. दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून आणि लवचीक पोलादी चकत्यांच्या फटींतून तेल जोराने ढकलले जाते. या घर्षणात गतीची ऊर्जा उष्णतेत बदलते. दट्ट्याचा वेग जितका जास्त, तितका तेलाचा विरोध मोठा.

एकूण १०० किलोग्रॅमचा स्वार आणि सायकल अर्धा मीटर उंचीवरून खाली आले, तर सुमारे ४९० ज्यूल ऊर्जा शोषावी लागते. ती सगळी अर्ध्या किलोच्या अ‍ॅल्युमिनियमच्या धक्काशोषकात गेली असे मानले तर तो सुमारे एका अंशाने तापेल. प्रत्यक्षात टायर, पुढचा धक्काशोषक आणि स्वाराचे पाय यांचाही वाटा असतो. तरीही लांब उतरणीत असे शेकडो धक्के बसतात, म्हणून खाली पोहोचल्यावर धक्काशोषक हाताला गरम लागतो.

या तेलात हवा मिसळली तर फेस होतो. फेस छिद्रांतून सहज निसटतो आणि लगाम ढिला पडतो. म्हणून तेलाच्या एका टोकाला सरकता दट्ट्या बसवून त्यापलीकडे नायट्रोजन मोठ्या दाबाने भरतात. दाबाखालच्या तेलात बुडबुडे सहसा होत नाहीत. नायट्रोजन कोरडा असतो आणि तेलाशी त्याची रासायनिक क्रिया होत नाही. अनेक मोटारसायकलींच्या मागच्या धक्काशोषकाला जोडलेली छोटी डबी याच कामासाठी असते.

करून पाहा

सुई नसलेली प्लॅस्टिकची पिचकारी घ्या. अर्धी हवेने भरून तिचे तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या दाबून सोडा. तो उसळून परत येईल. ही झाली स्प्रिंग. आता पिचकारीत पाणी भरा, तोंड मोकळे ठेवा आणि दट्ट्या सावकाश दाबा; नंतर जोराने दाबा. जोराने दाबताना विरोध वाढल्याचे जाणवेल. हा झाला लगाम.

दुरुस्तीपेक्षा निगा बरी

हवा आणि तेल आत ठेवतात ती रबरी सिले आणि कडी. चिखलाचा बारीक कण सिलाखाली शिरला की दांड्यावर पॉलिश कागदासारखा घासत राहतो. दांड्यावरचा गुळगुळीत थर एकदा खरवडला की तो घरी भरून काढता येत नाही. म्हणजे वेळेवर स्वस्तातले सील बदलले नाही तर महागडा दांडा जातो. म्हणूनच काही उत्पादक हवेच्या नळकांड्याची सफाई सुमारे ५० तासांच्या स्वारीनंतर करायला सांगतात आणि तेलाच्या भागाची त्याहून बऱ्याच उशिरा. नेमके तास त्या त्या माहितीपुस्तिकेत पाहावेत.

हे काम करताना पुढील क्रम पाळतात.

१. मोटरची वीज बंद करून सायकल घोडीवर टांगतात. धुण्यासाठी मंद धार वापरतात; जोराच्या फवाऱ्याने कण सिलातून आत घुसतात.

२. हवेचा दाब आणि बटणांच्या खुणा वहीत लिहून ठेवतात.

३. झडप दाबून हवा सावकाश सोडतात. येथे एक मेख आहे. दट्ट्याच्या दुसऱ्या बाजूलाही हवेचा एक लहान कप्पा असतो. तो उलटा जोर लावतो, म्हणून छोट्या खड्यानेही दट्ट्या सहज हलू शकतो. हवा सोडताना हा कप्पाही रिकामा व्हावा लागतो. हवा सोडल्यावरही धक्काशोषक आखडलेलाच राहिला आणि ओढून लांब होईना, तर त्या कप्प्यात हवा अडकली आहे असे समजावे आणि तो मुळीच उघडू नये. दर चौरस इंचाला २०० पौंडांचा आकडा आठवा! सुटा भाग गोळीसारखा उडू शकतो.

४. सगळी हवा गेल्याची खात्री झाल्यावर बोल्ट काढून धक्काशोषक बाहेर घेतात आणि हवेचे नळकांडे वेगळे करतात. जुनी सिले प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी काडीने काढतात, पोलादी टोच्याने नव्हे.

५. दांडा पुसून त्यावरून नख फिरवतात. नख अडले तर ओरखडा खोल आहे.

६. नव्या सिलांना नेमून दिलेले ग्रीस लावून जोडणी करतात. बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या जोरानेच, टॉर्क पान्याने आवळतात.

७. हवा टप्प्याटप्प्याने भरतात. प्रत्येक टप्प्यावर धक्काशोषक आठ-दहा वेळा सावकाश दाबतात. त्यामुळे दोन्ही कप्प्यांतील दाब सारखा होतो.

नायट्रोजनचा भाग मात्र घरी कधीही उघडू नये. त्यासाठी खास साधने आणि शिकलेला कारागीरच हवा.

शेवटची परीक्षा

काम नीट झाले का, हे एक रबरी कडी सांगते. ती दांड्यावर वर सरकवून स्वार अलगद सायकलवर बसतो आणि तसाच अलगद उतरतो. कडी किती सरकली ते मोजतात. ६० मिलिमीटर चालीच्या धक्काशोषकात ती सुमारे १५ ते १८ मिलिमीटर, म्हणजे २५ ते ३० टक्के सरकायला हवी. एवढे दबलेले असले म्हणजे खड्डा आला की चाक खाली उतरून जमीन पकडू शकते.

दाब तपासायला पंप पुन्हा जोडला की काटा पूर्वीपेक्षा कमी दाखवतो. हवा गळाली असे समजून नवशिके घाबरतात. खरे तर धक्काशोषकातली थोडी हवा पंपाच्या रिकाम्या नळीत पसरलेली असते. हा बॉइलचाच नियम.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. २७ अंश सेल्सियसला कार्यशाळेत हवा भरून सायकल उणे ३ अंशांच्या डोंगरावर नेली, तर आतला दाब किती टक्क्यांनी कमी होईल? तापमान केल्विनमध्ये मांडा, आकारमान कायम धरा आणि काट्याने दाखवलेल्या दाबात वातावरणाचा दाब मिळवायला विसरू नका. उत्तर आले की मग ठरवा : डोंगरावर पोहोचल्यावर स्वाराने सर्वांत आधी काय तपासावे?