संगणकाची पेटी घेताना वऱ्हाडचे ऊन विसरू नका

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी एकच विषय निघतो. मुलामुलींना संगणक घेऊन द्यावा काय? तयार संगणक महाग पडतो, म्हणून पुष्कळ मुले सुटे भाग आणून तो घरीच जोडतात. ही आनंदाची बाब आहे. परंतु प्रोसेसर कोणता, मेमरी किती, याची चर्चा महिनाभर चालते आणि हे सारे ज्या पेटीत बसवायचे ती पेटी मात्र शेवटच्या पाच मिनिटांत, रंगरूप पाहून घेतली जाते. दुकानात तिला कॅबिनेट म्हणतात. आज तिच्याविषयीच बोलायचे आहे.

माझे थोरले बंधू नांदगाव खंडेश्वरला राहतात. घरावर टिनाचे छप्पर. पुतणीने शिकवण्या घेऊन पैसे जमवले, सोयाबीन विकल्यावर बंधूंनी त्यात भर घातली आणि अमरावतीहून सामान आले. दिवाळीनंतर जोडलेला संगणक हिवाळाभर उत्तम चालला. एप्रिल लागला आणि भर दुपारी तो आपोआप बंद पडू लागला. नेमके त्याच वेळी तिने लग्नपत्रिकांचे काम घेतले होते. अर्धी पत्रिका झाली की पडदा काळा! दुकानदाराने फोनवरच सांगून टाकले की प्रोसेसर बदलावा लागेल. नवा प्रोसेसर म्हणजे आठ-दहा हजार रुपये. तेवढे घरात नव्हते, आणि पत्रिकांची आगाऊ रक्कम तर खर्च होऊन गेली होती.

मी गेलो तेव्हा ती पेटीपाशीच बसली होती.

"काकाजी, हा डब्बा तं चुलीवानी तापते."

"पंखे फिरतात ना?"

"फिरतात. पण हवा येईन कुठून?"

पोरीने दुखणे बरोबर ओळखले होते. पेटीचा दर्शनी भाग म्हणजे सबंध काळी काच. काचेमागे रंगीत दिव्यांचे दोन पंखे. त्यांना हवा मिळायची ती कडेच्या फटीतून, आणि ती फट जेमतेम बोटाच्या पेराएवढी. दिवे मात्र झकास दिसत होते.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कॅबिनेट काही थंड करीत नाही. ते फक्त खोलीतली हवा आत घेते आणि तापलेली बाहेर सोडते. साध्या घरगुती संगणकाने कामाच्या वेळी १०० वॉट वीज घेतली, तर जवळजवळ तेवढीच उष्णता पेटीत तयार होते. जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब ट्रंकेत लावून ठेवावा, तसे ते झाले. पेटीतून मिनिटाला ३० घनफूट हवा वाहिली तर बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा सुमारे सहा अंशांनी गरम असते. १० घनफूटच वाहिली तर हा फरक सतरा-अठरा अंशांवर जातो. वातानुकूलित खोलीत २५ अधिक १८ म्हणजे ४३, चालून जाते. आपल्याकडे टिनाखाली ४४ अंश असतील तर पेटीतली हवा ६२ अंशांवर जाईल! प्रोसेसर त्याहूनही कितीतरी तापतो. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचले की आधी आपला वेग कमी करतात आणि तरीही भागले नाही तर संगणक बंद होतो. हा त्याने स्वतःला वाचवण्याचा उपाय आहे. त्यावरून प्रोसेसर गेला असे समजू नये.

इंटेल कंपनीने २००३ च्या सुमारास पेट्या बनवणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली होती. खोलीत ३५ अंश असताना प्रोसेसरच्या पंख्याला ३८ अंशांपेक्षा गरम हवा मिळू नये, असे माप तिने घालून दिले. ३५ अंश! आपल्याकडे मार्चमध्येच पारा तेथवर जातो आणि मे महिन्यात ४५ चेही नवल वाटत नाही. तेव्हा दुसऱ्या गावची शिफारस आपल्या घराला लागू पडेलच असे नाही.

म्हणून दुकानात गेल्यावर पेटीचा पुढचा भाग पाहावा. तो जाळीचा हवा. पुढचे झाकण काढता येत असेल तर त्यामागे मोबाईलची बॅटरी धरावी. उजेड सरळ आरपार आला तर हवाही येईल. बाजूला काच असली तर हरकत नाही, समोर नको. पुढून हवा आत घेणारे दोन आणि मागून बाहेर टाकणारा एक, असे १२० मिलीमीटरचे तीन पंखे आपल्या कामाला पुरतात. आत येणारी हवा थोडी जास्त असली की फटींतून धूळ ओढली जात नाही. कापसाचे तंतू आणि मळणीची धूळ ज्यांच्या दारात आहे त्यांनी तर पुढची गाळणी काढून धुता येते की नाही, हे हाताने काढून पाहावे.

फार मोठी पेटीही नको. मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड साधारण २४४ मिलीमीटर लांब-रुंद असतो. त्याच्या मापाची पेटी पहिल्या संगणकाला पुरे. ग्राफिक्स कार्ड पुढे घ्यायचे असेल तर ते किती लांबीपर्यंत बसेल ते आधी विचारावे. जाळीची साधी पेटी दोन-तीन हजारांच्या आसपास मिळू शकते. पैसे कमी पडत असतील तर दिवे सोडावेत, पंखे सोडू नयेत. आणि पेटीसोबत फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसचा मोह टाळावा. वीज पुरवणारा तो भाग वेगळा आणि खात्रीचाच घ्यावा. पेटीच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर आधी घरातले अर्थिंग तपासून घ्यावे.

चांगली पेटी आणूनही आपण ती कोठे कोंबतो हेही पाहिले पाहिजे. कॉम्प्युटर टेबलाच्या दाराआडच्या कप्प्यात ठेवली तर ती आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा घेत राहते. भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीपासून पाटाएवढी उंच ठेवावी. विणलेला रुमाल टाकायची हौस असेल तर संगणक बंद असतानाच टाकावा. पाण्याच्या कूलरने खोली निवते, त्याचा फायदा आहेच. पण कूलरच्या थेट झोतात पेटी ठेवू नये. पाण्याचे तुषार आणि त्यातले क्षार आत जाऊन बसतात.

नांदगावला आम्ही पुढची काच काढून टाकली. मग अगरबत्ती पेटवून धूर कोठे जातो ते पाहिले, तर मागचा पंखा उलटा बसवलेला! बाहेरची हवा तो आत ओढत होता. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या काड्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते, हे जोडताना कोणाच्या लक्षात आले नव्हते. तो फिरवला आणि काचेच्या जागी खिडकीची नायलॉन जाळी ताणून बसवली. शंभर रुपयेही लागले नाहीत. त्यानंतर मे महिन्याच्या दुपारीही संगणक बंद पडला नाही. प्रोसेसर जुनाच आहे.

पत्रिका वेळेवर छापून झाल्या. जाळी ती दर रविवारी धुते. कापूस वेचणीच्या दिवसांत मात्र आठवड्यातून दोनदा धुवावी लागेल, असे म्हणत होती.